वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र प्रार्थना करून खरंच काही होतं का?

साधाप्रश्न: आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल आणि एक ऑर्थोडॉक्स असे सगळे आहेत. प्रार्थना छान होते पण एकत्र प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार) घ्यायचा विषय निघाला की सगळे गप्प. मग वाटतं, हा नुसता दिखावा तर नाही ना? प्रभूची प्रार्थना म्हणताना तर अर्धे 'वाइटापासून सोडव' ला आमेन म्हणून थांबतात आणि बाकीचे 'कारण की राज्य' म्हणत पुढे सुटतात 😅

जुनीवही: ती 'कारण की राज्य' ओळ बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाहीये, लॅटिन बायबलातही नव्हती, म्हणून कॅथलिक तिथे थांबतात. पण मिस्सामध्ये (कॅथलिकांची मुख्य उपासना) फादर मधे एक छोटी प्रार्थना करतात आणि मग लोक तेच शब्द म्हणतात, त्यामुळे भांडण्यासारखं काही नाही.
दिखाव्याचं म्हणशील तर ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह १९०८ पासून चालू आहे, १८ ते २५ जानेवारी. सुरुवातीला त्यात बाकीच्यांनी रोमकडे परत यावं असा सूर होता, मग दुसरे कशाला मनापासून येतील? १९३० च्या दशकात पॉल कुतुरिए या फ्रेंच फादरनी रोखच बदलला, ख्रिस्ताला हवी तशी आणि त्याला हव्या त्या मार्गाने एकी होऊ दे एवढंच मागायचं. माझ्या मते खरा फरक तिथे पडला, कारण समोरच्याला आपल्याकडे ओढायचं नसेल तरच त्याच्या शेजारी बसून प्रार्थना जमते.

पूर्वेकडचा: मी ऑर्थोडॉक्स. आमच्यातले कडक लोक 'प्रेषितीय नियम' या चर्चच्या जुन्या नियमावलीतला ४५ वा नियम दाखवतात, पाखंडी लोकांसोबत प्रार्थना नको म्हणून. दुसरीकडे आमची बरीच चर्चेस जागतिक चर्च परिषदेत आहेत. तुमच्या ग्रुपमधला येतोय म्हणजे त्याने विचार केला असणार, त्याला कोपऱ्यात घेऊन प्रभुभोजनाबद्दल छेडू नका प्लीज.

जुनीवही: +१. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ मध्ये हेच वेगळं ठेवलं, एकत्र प्रार्थना हवीच पण प्रभुभोजनासारखे संस्कार सरसकट एकत्र नाहीत.

ढोलकी: पेंटेकोस्टल इथे 🙋 आम्ही सगळे एकदम मोठ्याने सुरू होतो तेव्हा पुस्तकातून प्रार्थना वाचणारे बिचारे दचकतात. बायबलातली स्तोत्रं घ्या, ती सगळ्यांना चालतात. फक्त आकडा सांगताना जपून, ऑर्थोडॉक्स बायबलात बहुतेक स्तोत्रांचे आकडे एकने मागे असतात.

साधाप्रश्न: अच्छा, म्हणून तो दर वेळी भलतंच पान उघडून बसायचा!