ललिता पवार यांच्यावर सहा फलक: सन, नावं आणि थपडेची गोष्ट तपासून हवी

वाचनालय_चाळीसगाव
नमस्कार मंडळी. १८ एप्रिलला अभिनेत्री ललिता पवार यांची जयंती असते. त्या निमित्ताने आमच्या वाचनालयात २ × ३ फुटांचे सहा फलक लावायचे आहेत. वर मथळा "आपल्या खानदेशची ललिता". पहिला फलक येवल्यातला जन्म आणि मूकपट, दुसरा चित्रीकरणात त्यांना बसलेली थप्पड, मग तीन फलक हिंदी-मराठी चित्रपट आणि शेवटचा दूरदर्शनची मंथरा, असा विचार आहे.

अडचण अशी की जमवलेल्या कात्रणांत एकमेकांशी न जुळणारं बरंच आहे. "वयाच्या नवव्या वर्षी, १९२८ साली राजा हरिश्चंद्रमधून पदार्पण" हे बरोबर आहे का? थपडेला पूर्ण फलक द्यावा का? दोन-तीन प्रसंग पडद्यावर दाखवले तर चालतील का? छपाईबद्दलही कोणी सांगितलं तर बरं होईल.

जुनी_रिळं
ताई, मजकूर लिहायच्या आधी वयाचा हिशेब मांडा. जन्म १८ एप्रिल १९१६ चा. म्हणजे १९२८ मध्ये त्या बारा वर्षांच्या, नऊ वर्षांच्या नाहीत. "नववं वर्ष" आणि "१९२८" एकाच ओळीत आलं की शाळेतला मुलगासुद्धा बोट ठेवेल. "१९२८ च्या राजा हरिश्चंद्र या मूकपटात बालकलाकार" एवढंच लिहा, वय गाळा. आणि हा फाळक्यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र नाही, तेव्हा तिथे चुकून फाळक्यांचं छायाचित्र लावू नका. त्या चित्रपटात तारामतीसुद्धा अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती.

थपडेला पूर्ण फलक देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घटना खरी आहे. १९४२, 'जंग-ए-आझादी'. प्रसंगात नट भगवान यांनी मारायची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार तीन वर्षं चालले आणि डोळा कायमचा अधू राहिला. पण या गोष्टीला दोन चुका चिकटून येतात. एक, "भगवान तेव्हा नवखे होते". त्यांनी १९३८ मध्येच 'बहादूर किसान'चं दिग्दर्शन केलं होतं, म्हणजे "नवखे" शब्द गाळा. दुसरी, "तीन वर्षं त्या पडद्यावरून गायब होत्या". प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ चा, आणि त्यात आनंदीबाई ललिताबाईंचीच. उपचार आणि काम बरोबरीने चालू होतं, हे सांगणारी ही एक ओळ त्या सगळ्या हळहळीपेक्षा मोलाची आहे. थपडेला चार ओळी पुरतात, त्याच्या शेजारी आनंदीबाईचं छायाचित्र लावा.

त्यातून मोकळा झालेला फलक १९५५ या एकाच वर्षाला द्या. 'श्री ४२०' मधली केळी विकणारी गंगामाई आणि 'मि. अँड मिसेस ५५' मधली पुरुषांवर खार खाणारी श्रीमंत सीतादेवी, दोन्ही त्याच वर्षीच्या. दोन्ही छायाचित्रं शेजारी शेजारी लावून पाहा. सीतादेवी हनुवटी वर करून समोरच्याकडे बघते तेव्हा तो बारीक झालेला डावा डोळा तिच्या तोऱ्याचाच भाग वाटतो. गंगामाई हसली की दोन्ही डोळे मिटत येतात आणि अधू डोळा कुठला ते शोधावं लागतं. व्यंग लपवलेलंही नाही आणि त्याचं भांडवलही केलेलं नाही, भूमिकेप्रमाणे वापरलंय. "खाष्ट सासू" या दोन शब्दांत त्यांना बसवणाऱ्यांना हा फलक आधी दाखवावा. सासू म्हणून ओळख व्हायला शांतारामांचा 'दहेज' (१९५०) कारण ठरला, तो घ्याच, पण तिथेच थांबू नका.

वयांचा एक तक्ताही जमेल. 'दाग' (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई. दिलीपकुमारचा जन्म १९२२ चा, म्हणजे आई मुलापेक्षा सहा वर्षांनी मोठी! गंगामाईच्या वेळी त्या ३९ वर्षांच्या होत्या.

नावांचा घोळ मात्र सांभाळा. 'अनाडी' (१९५९) मध्ये मिसेस डिसा आणि 'आनंद' (१९७१) मध्ये मेट्रन डिसा. दोन्ही हृषीकेश मुखर्जींचे चित्रपट, म्हणून छायाचित्रांची हमखास अदलाबदल होते. ओळखायची खूण सोपी: 'अनाडी' कृष्णधवल आणि डिसाबाई घरमालकीण, 'आनंद' रंगीत आणि डिसाबाई रुग्णालयात. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक 'अनाडी'चं. सीतादेवीही दोन आहेत, दुसरी 'प्रोफेसर' (१९६२) मधली, म्हाताऱ्या प्राध्यापकाचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर भाळणारी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६१ चा.

"सातशे चित्रपट" हा आकडा यादी हातात असल्याशिवाय छापू नका.

तापीकाठ
भलतं चांगलं काम शे ताई. पण मथळा बदला. येवला नाशिक जिल्ह्यात, मनमाडच्या दक्षिणेला. आपला खानदेश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार. "शेजारच्या येवल्याची ललिता" म्हटलं तर कोणाची हरकत नाही, आणि गोडही वाटतं. खानदेशचं नाव लावायचंच असेल तर पुढच्या वेळी स्मिता पाटील घ्या. जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. दूरदर्शनवर मराठी बातम्या देता देता त्या चित्रपटात आल्या, म्हणजे तुमच्या शेवटच्या फलकाला पुढचा दुवाही मिळतो.

मंथरेबद्दल: रामानंद सागरांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी सुरू झालं. तेव्हा ललिताबाई सत्तर वर्षांच्या होत्या. मात्र त्यांची ती पहिली मंथरा नव्हे. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण' मध्येही मंथरा त्यांचीच. दोन्ही मंथरा एका फलकावर घ्या, मध्ये २६ वर्षं. निधन २४ फेब्रुवारी १९९८, पुण्यात औंधला.

फ्लेक्स_ते_सनबोर्ड
छपाईचं सांगतो. फ्लेक्सवर आतून उजेड आला की काळे-पांढरे चेहरे राखाडी पडतात. त्यापेक्षा ५ मिमी सनबोर्डवर (फोमच्या कडक पत्र्यावर) मॅट लॅमिनेशन करा. चकचकीत नको, ट्यूबलाइट चमकते आणि मधला चेहराच दिसत नाही.

एका फलकावर १२० ते १५० शब्द, त्याहून जास्त कोणी उभ्याने वाचत नाही. मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको, मथळा ९० च्या पुढे. छायाचित्र फूटभर रुंद हवं असेल तर १५० डीपीआयने (इंचाला १५० ठिपके) १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र साधारण १६०० पिक्सेलपर्यंत दाबलेलं असतं, ते फूटभरही ताणू नका. मूळ फाइल मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा अक्षरांत होतो. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, दुकानातला कोरलड्रॉ जुन्या फाँटवर. पेस्ट केलं की "श्री"चा "श्‌री" होतो, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार उडतो. मजकूर बसवून, सगळी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) पीडीएफ द्या. छापण्याआधी "हरिश्चंद्र", "रामशास्त्री", "मूर्ती" असे जोडाक्षरांचे शब्द पडद्यावर मोठे करून वाचा.

वाचनालय_चाळीसगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा बदलला, थप्पड चार ओळींत आणली, १९५५ चा फलक नवा घेतला. आता फक्त प्रसंग दाखवायचा प्रश्न उरला. 'श्री ४२०', 'अनाडी' आणि 'आनंद' मधले पाच-पाच मिनिटांचे तुकडे, प्रवेश मोफत.

जुनी_रिळं
चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या हिशेबाने 'श्री ४२०' ची मुदत २०१५ अखेर संपली, 'अनाडी'ची २०१९ अखेर. 'आनंद' मात्र २०३१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. पण इथे लोक घसरतात: गाणी, चाली, संवाद यांचे हक्क वेगळे, आणि ते त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. 'श्री ४२०' आणि 'अनाडी' दोन्हींत हसरत जयपुरींची गाणी आहेत आणि ते १९९९ मध्ये गेले. 'श्री ४२०' लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास १९८७ मध्ये. म्हणजे जुना चित्रपट झाला म्हणून सगळं मोकळं झालं असं नाही.

हक्कधारकांना लेखी विचारा. पत्रात चित्रपटाचं नाव, किती मिनिटं, कुठला प्रसंग, तारीख आणि प्रवेश मोफत असल्याचं स्पष्ट लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पत्र आजच टाका. फलक त्यासाठी अडवू नका, ते छपाईला जाऊ द्या.