साळिंदर नव्हे, मग काय?

परसदार: मंडळी, एका शब्दापायी घरात वाद पेटलाय. आम्ही इंग्लंडात, स्विंडनला असतो. ऑक्टोबरात मागच्या बागेतली ओकची पानं झाडून शेडच्या कडेला ढीग केला आणि उचलायचा कंटाळा केला. एका रात्री खसफस ऐकू आली म्हणून बॅटरी मारली, तर तोंडात पाचोळ्याचा गुच्छ धरून एक काटेरी गोळा शेडखाली शिरत होता. हेजहॉग! साताऱ्याला आईला फोन केला, "आई, बागेत साळिंदर आलंय." ती म्हणाली, "अगो बाई, पोरांना आत घे, काटे फेकून मारतं ते!" एवढं मोठं नाही गं म्हटलं, तर "मग पिल्लू असेल, आई जवळपासच असणार." आता मला सांगा, या प्राण्याला मराठीत काय म्हणायचं? तो पानांचं करतो त्याला घरटं म्हणायचं का? आणि मार्चपर्यंत निजतो, त्याला 'शीतनिद्रा' सोडून घरात बोलता येईल असा शब्द आहे का?

सायाळवाला: आधी आईंची भीती घालवा. साळिंदर (आमच्या विदर्भात सायाळ) काटे फेकत नाही. उलटं फिरून अंगावर येतं, आणि त्याचे काटे चटकन सुटतात म्हणून समोरच्याच्या अंगात रुततात. ते दहा-पंधरा किलोचं धूड, कुरतडणाऱ्यांच्या कुळातलं. तुमच्या पाहुण्याचे काटे जेमतेम पेराएवढे, पण पाच हजारांच्या आसपास, आणि सहजी सुटत नाहीत. दोघांचं नातं काट्यापुरतंच.

पंतोजी: जुन्या लोकांना हा फरक ठाऊक असावा. किष्किंधाकांडात वाली रामाला सुनावतो, पाच नखांचे पाचच प्राणी खाण्याजोगे: 'शल्यकः श्वाविधो गोधा शशः कूर्मश्च पञ्चमः'. शल्यक आणि श्वाविध वेगळे मोजलेत, तरच पाच भरतात. श्वाविध म्हणजे कुत्र्याला भोसकणारा, हे साळिंदराला शोभतं. मग शल्यक कोण, यावर पैज लावायला मी तयार आहे. शिवाय संस्कृतात 'जाहक' आहे, कोशांत त्याचा अर्थ सरळ हाच प्राणी दिलाय. मराठीत मात्र तो कुणाच्या तोंडी ऐकला नाही. साळूचा काटा आपल्याकडे सीमंतोन्नयनात भांग पाडायलासुद्धा लागायचा, म्हणून तो शब्द घरोघरी टिकला. याचं तसं काहीच काम पडलं नाही.

बडोदेकर: आमच्याकडे प्रश्नच नाही. गुजरातीत साळिंदर म्हणजे शाहुडी आणि हा शेळो. आम्ही बडोद्याचे मराठी लोक घरातही शेळोच म्हणतो. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात तो आहे, म्हणून त्याला नाव आहे.

परसदार: शेळो आवडला. पण साताऱ्यात 'शेळो' म्हटलं तर शेळीचा नवरा वाटेल हो!

चिकित्सक: वर्तमानपत्रांत 'काटेरी उंदीर' लिहितात, ते मला पटत नाही. हा उंदीर नाही. याचं कूळ चिचुंद्रीचं. नाकाड बघा म्हणजे कळेल.

बडोदेकर: अहो, खवले मांजर तरी कुठे मांजर आहे? उदमांजरही नाही. लोक दिसतं त्यावर नाव ठेवतात, कूळ बघून नाही. तमिळ लोक मुळ्ळेली म्हणतात, म्हणजे काटेउंदीरच. त्यांच्याकडे हा प्राणी खरोखर आहे, त्यांना चालतं.

परसदार: इंग्रजांनी तरी काय केलंय! हेज म्हणजे झुडपांचं कुंपण, हॉग म्हणजे डुक्कर, नाकामुळे. सरळ भाषांतर केलं तर कुंपणडुक्कर.

वईवरचा: कोकणात वईडुक्कर म्हणावं लागेल. जमिनीचे अर्धे वाद वईवरून, त्यात हे एक.

चिकित्सक: घरट्याबद्दल मात्र माझी हरकत नाही. खारीचं घरटं म्हणतोच ना आपण? घरट्याला पक्षीच लागतो असं नाही. बीळ म्हणू नका, तो हिवाळ्यासाठी सहसा बीळ खणत नाही.

परसदार: हो, आणि बांधतो फार नेटकं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं. पाचोळा तोंडाने आणून ढीग करतो, मग आत शिरून गोल गोल फिरतो. फिरता फिरता पानं चपटी होऊन एकावर एक बसतात. आईला म्हटलं, अळूवडीच्या उंड्यासारखं, पानावर पान. तिला लगेच समजलं.

सायाळवाला: आता तिसरा शब्द. 'शीतनिद्रा' मला नेहमी खटकतो. निद्रा म्हटलं की वाटतं, बिचारा घोरतोय. जागेपणी त्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर, त्या अवस्थेत वीसच्या आसपास. अंग पस्तीस अंशांवरून दहाच्याही खाली गार पडतं. श्वास मधेच किती वेळ थांबतो. अंगावरची चरबी पुरवून पुरवून वापरायची, एवढाच उद्योग. ही झोप नाही, खर्च बंद ठेवणं आहे.

पंतोजी: 'शीतनिष्क्रियता' हा त्यासाठीच काढलेला शब्द. नेमका आहे, पण फोनवर म्हणून बघा.

वईवरचा: दडी म्हणा की! पाऊस दडी मारतो, म्हणजे मेला नाही, झोपलाही नाही, दिसेनासा झालाय आणि येईल. बेडूकही दडीच मारतात.

सायाळवाला: वा! आणि हिवाळ्यात तो अधूनमधून जागा होतो, कधी घरटंही बदलतो. निद्रेत ते बसत नाही, दडीत बसतं.

चिकित्सक: शास्त्राच्या लेखात दडी चालणार नाही हं.

वईवरचा: आईला लेख कुठे वाचायचाय?

परसदार: ठरलं, दडी. निजण्याच्या पद्धतीलाही आपला शब्द आयता आहे: अंगाचं मुटकुळं. नाक पोटात, पाय पोटात, वरून काटे. आजोबा ५ नोव्हेंबरच्या आधी मुद्दाम कुंपणाशी येऊन बजावून गेले. त्या रात्री इथे शेकोट्या पेटवतात, आणि लाकडापाचोळ्याचा रचलेला ढीग याला आयतं घर वाटतं. ढीग पेटवायच्या आधी जागेवरून हलवून बघायचा, नाहीतर आतला जळून मरतो. जाता जाता कुंपणाच्या फळीला तळाशी पाच इंची चौकोन कापायलाही सांगितलं, त्याला एका बागेतून दुसऱ्या बागेत जाता यावं म्हणून.

बडोदेकर: आणि आईंनी दूध ठेवायला सांगितलं असेलच.

परसदार: पहिल्याच फोनला! दूध पचत नाही त्यांना, हगवण लागते. पाणी ठेवते म्हटलं तर तिला फार वाईट वाटलं. "दारी आलेल्याला नुसतं पाणी?"

पंतोजी: एक राहिलं. तो की ते? शेळो पुल्लिंगी, साळिंदर नपुंसकलिंगी.

परसदार: ते आईने परस्पर ठरवलं. नाव कुठलंच घेत नाही ती. रविवारी फोन उचलला की पहिला प्रश्न, "ते उठलं का गं?"