कोविडच्या साथीच्या काळात परदेशात बस्तान: पहिल्या महिन्यात कशाआधी काय? (साथीतली जुनी चर्चा, चाचणी-विलगीकरणाचे नियम तेव्हाचे)

दोन_बॅगा

नोकरीनिमित्त पाच आठवड्यांनी नव्या देशात जायचंय, सोबत नवरा. उतरल्यावर १० दिवस विलगीकरण, तेही कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या खोलीत. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा. घरमालक म्हणतो इथल्या बँकेतलं खातं दाखवा. पत्ता नोंदवायचं कार्यालय म्हणतं आधी ऑनलाइन वेळ घ्या, आणि दोन महिने वेळच नाही. घर व्हिडिओवर बघून ठरवावं का? औषधं कशी न्यायची? "होईल सगळं नीट" असला धीर नको, क्रम सांगा.

उंबरठा

या चक्रात तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे कंपनीची खोली. ती आधी कागदावर आणा. निघण्यापूर्वीच कंपनीकडून पत्र घ्या. त्यात दोघांची पासपोर्टवरची नावं जशीच्या तशी, खोलीचा पूर्ण पत्ता, कधीपासून कधीपर्यंत राहणार ते, आणि पगाराचा आकडा हवा. जोडीदाराचं नाव अशा पत्रातून हमखास गळतं आणि मग त्याचं खातं, फोन, विमा सगळंच लटकतं. पत्ता नोंदवायला हे पत्र पुरतं की जागेच्या मालकाची सही असलेला वेगळा फॉर्म लागतो, हे कंपनीला आजच विचारा. खोली हॉटेलात असेल तर नोंदणीला नकार मिळू शकतो, तेही आत्ताच कळलेलं बरं.

दोन महिने वेळ नाही म्हणजे आज दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोक भेटी रद्द करतात आणि त्या जागा परत यादीत येतात, म्हणून सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास रोज बघा. शेजारच्या वॉर्डाचं कार्यालय चालतं का तेही पाहा. जागा नसलेल्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल टाका. नोंदणीची मुदत उलटली तर आपण हयगय केली नाही हे दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं.

व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: कधीपर्यंत आत शिरता येईल आणि आत आल्यावर किती दिवस राहता येईल. विमानं रद्द झाली की पहिली तारीख गुपचूप उलटते. साथीत अनेक देशांनी मुदतवाढी दिल्या, पण आपल्या प्रकारच्या व्हिसाला ती आहे का हे मूळ परिपत्रकात वाचा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. विमानतळावरच्या काउंटरवर तुमच्या फोनमधली बातमी कोणी ऐकून घेत नाही.

आणि जुनं सिम बंद पडू देऊ नका! जुन्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग सुरू करा, कमीत कमी रिचार्ज किती दिवसांनी लागतो ते कॅलेंडरात टाका. एकदा नंबर गेला की तो परदेशातून परत मिळवणं महाकर्मकठीण, कारण बहुतेक वेळा प्रत्यक्ष दुकानात यावं लागतं.

गाळणी

प्रवासाआधीच्या कोविड चाचणीबद्दल. "७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर" म्हणजे कशापासून ७२ तास? साधारणपणे नमुना घेतल्याच्या वेळेपासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. आणि कुठपर्यंत? काही देश पहिल्या विमानाच्या सुटण्यापर्यंत मोजतात, काही पोचण्यापर्यंत. मध्ये विमान बदलायचं असेल आणि तिथे आठ-दहा तासांचा थांबा असेल तर या फरकानेच लोक अडकतात. रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ दोन्ही छापलेली आहे का, हे लॅबमधून निघण्याआधी बघा. मधल्या देशाचे नियमही वेगळे वाचा. सामान काढून पुन्हा चेक-इन करावं लागणार असेल तर तुम्ही त्या देशात "प्रवेश" करता.

नुकताच कोविड होऊन गेला असेल तर पीसीआर काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते. माणूस बरा असतो, विषाणूचे मृत तुकडे सापडत राहतात. अशा वेळी प्रवासासाठी पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरचं बरं झाल्याचं पत्र लागतं, पण ते चालतं की नाही हे त्या त्या देशावर.

लसीच्या प्रमाणपत्रात तीन ठिकाणी घोळ होतो. नावाचा क्रम पासपोर्टसारखा नसतो. पूर्ण जन्मतारखेऐवजी नुसतं वय असतं. तिसरा घोळ तारखेच्या पद्धतीचा: ०४/०५/२०२१ कुणाला ४ मे वाटतो, कुणाला ५ एप्रिल. दोन डोसांमधलं अंतर मग नियमात बसत नाही. महिना अक्षरात लिहिलेली प्रत मिळत असेल तर तीच घ्या.

दोन_बॅगा

उंबरठा, गाळणी, आभार. औषधांचं कुणी सांगेल? थायरॉईडची गोळी रोजची आहे, आणि नवऱ्याकडे कोडीनचं खोकल्याचं औषध असतं.

खलबत्ता

कोडीन घरीच ठेवा. ते अफूच्या कुळातलं आहे, कित्येक देशांत त्याला बंधनं आहेत. अशीच बंधनं ट्रामाडॉल (वेदनाशामक), अल्प्राझोलम (चिंतेवरचं), मिथाइलफेनिडेट (एकाग्रतेसाठीचं) यांनाही. खरंच गरज असेल तर त्या देशाच्या औषध नियंत्रण खात्याची परवानगी आधी, औषध नंतर. सर्दीच्या साध्या गोळ्यांतलं स्यूडोइफेड्रिनसुद्धा काही ठिकाणी अडवतात, त्यामुळे पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय काही भरू नका.

थायरॉईडची गोळी मूळ पाकिटात न्या, दिवसवार डबीत काढून नव्हे. चिठ्ठीवर ब्रँड नको, लिव्होथायरॉक्सिन असं मूळ नाव आणि मायक्रोग्रॅम हवेत. ब्रँड दुसऱ्या देशातल्या औषधवाल्याला कळत नाही. तीन महिन्यांचा साठा पुरेसा, पण तिथली मर्यादा तपासा. कुठे कुठे ३० दिवसांचीच असते. निम्म्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. तिथे गेल्यावर ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, कारण ब्रँडगणिक शोषण थोडं बदलतं आणि टीएसएच स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. नावांचा आणखी एक चकवा: पॅरासिटामॉलला काही देशांत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. दोन वेगळी औषधं समजून लोक पॅरासिटामॉलचा दुप्पट डोस घेतात, आणि तो यकृताला भोवतो.

विमा: ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ म्हटल्यावर अनेक प्रवास विम्यांनी कोविडला "आधीच माहीत असलेली घटना" धरून वगळलं. पॉलिसीत "महासाथ" आणि "विलगीकरणाचा खर्च" हे दोन शब्द शोधा. तिथला सरकारी किंवा कंपनीचा विमा पत्ता नोंदल्यावर किंवा पहिल्या पगारापासून लागू होत असेल, तर उतरल्यापासून तोवरच्या दिवसांसाठी वेगळं कवच घ्या.

ऑक्सिमीटर नेत असाल तर नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. म्हणून एका आकड्यापेक्षा तो रोज उतरतोय का ते बघा.

कडीकोयंडा

घर व्हिडिओवर ठरवायला हरकत नाही, पण आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. थेट कॉल, आणि कॅमेरा कुठे न्यायचा ते तुम्ही सांगायचं. सुरुवात इमारतीच्या दारावरच्या नंबरपासून, तिथून कॉल न तोडता घरात.

स्वयंपाकघराचा नळ आणि शॉवर एकदम सुरू करायला सांगा. धार बारीक झाली तर दाब कमी. बाथरूमच्या एक्झॉस्टवर टिश्यूचा तुकडा धरायला सांगा. चिकटून राहिला तर हवा खेचली जातेय, गळून पडला तर जाळी नुसती शोभेची. साथीत याचं महत्त्व जास्त, शिवाय थंड हवेत दारं-खिडक्या बंद असताना बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे टॉर्च मारायला लावा. खिडक्या खरोखर उघडतात का तेही दाखवू देत, काही जुन्या घरांत त्या रंगाने चिकटलेल्या असतात. शेवटी मीटर आणि त्यावरचा आकडा.

"मी सध्या परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरियरने पाठवतो" हे वाक्य आलं की फोन ठेवा. अनामत करारावर सह्या झाल्यावरच, आणि ज्याच्या नावाचा करार त्याच्याच नावाच्या खात्यात. माझ्या मते व्हिडिओवर बघून एक वर्षाचं बांधून घेऊच नये. तीन महिन्यांचं सामानासकट घर थोडं महाग पडतं, पण नंतर स्वतः पायी हिंडून गल्ली निवडता येते. करारात एक ओळ घालून घ्या: प्रवेशबंदीमुळे येणं लांबलं तर भाडं प्रत्यक्ष ताबा घेतल्या दिवसापासून.

सांजवात

भाषेचं कुणी बोललं नाही. मास्कमुळे स, फ, थ यांसारखे बारीक आवाज दबतात आणि ओठही दिसत नाहीत, त्यामुळे बऱ्यापैकी येणारी भाषाही काउंटरवर दगा देते. नाव, जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट क्रमांक मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून काचेला लावा. फोनवर अक्षरं सांगायची तिथली पद्धत (अमुक अक्षर अमुक शब्दातलं, अशी) पाठ करा. विलगीकरणाचे १० दिवस त्याला पुरेत.

खोलीत झोपेचं चक्र बिघडतं ते उजेड योग्य वेळी न मिळाल्यामुळे. पूर्वेकडे गेलात तर सकाळचा उजेड खिडकीशी बसून घ्या, पश्चिमेकडे गेलात तर संध्याकाळचा. तासांचा फरक मोठा असेल तर पहिले एक-दोन दिवस हे उलटंही पडतं, तेव्हा झोप हळूहळूच सरकवा.

उंबरठा

एक राहिलं. विमान लांबलं आणि कंपनी म्हणाली "तोवर घरूनच सुरू करा", तर लगेच हो म्हणू नका. काम प्रत्यक्ष ज्या देशात बसून करता, तिथला करही लागू शकतो. शिवाय त्या वर्षात कुठे किती दिवस होतात यावर कराचा रहिवास (करासाठी तुम्ही कुठल्या देशाचे रहिवासी) ठरतो. अनेक देशांत ही रेघ १८३ दिवसांवर आहे. पगार कुठल्या देशातून निघेल, कर कुठे कापला जाईल आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी कुठे जाईल, ही तीन उत्तरं कंपनीकडून ईमेलवर घ्या. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, दिवस त्यावरूनच मोजले जातात.