‘मोड्युलर म्हणजे लूट’ लिहिणाऱ्या काकांस

पाचपाखाडीची_पोळीवाली

परवा ‘वाशीकर जुने’ यांनी लिहिलं की मोड्युलर किचन ही शुद्ध लूट आहे. चांगला सुतार धरा, कडाप्प्याचाच ओटा ठेवा, स्टीलच्या ट्रॉल्या चुंबक लावून तपासून घ्या आणि उरलेल्या पैशात काशी करून या. त्यावर ‘अगदी बरोबर’चा पाऊस पडला. तेव्हा गप्प बसले, पण काल भाकऱ्या थापताना डोकं फिरलं ते फिरलंच.

काका, तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये दगड आहे, सुतार आहे, पैसा आहे. ओट्यापाशी उभं राहणारं माणूस कुठेय? आमच्याकडे २२ वर्षं ३० इंची ओटा होता. बिल्डरने दिला तो घेतला. सासूबाई पाच फुटांच्या, त्यांचं छान चाललं. मी पाच फूट सहा. रोज कणीक मळताना कमरेत वाकायचं आणि रात्री नवऱ्याला बाम चोळायला लावायचा. यंदा किचन काढलं तर सुताराचा पहिला प्रश्न नवऱ्याला, ‘साहेब, कलर कुठला?’ साहेबांना चहाची साखर कुठे असते ते माहीत नाही! मी कोपर वाकवून उभी राहिले, कोपराच्या पाच-सहा इंच खाली खडूने रेघ मारली, म्हटलं ओटा इथे. ३५ इंच भरला. सासूबाईंच्या पोळपाटासाठी एक कोपरा ३१ वर ठेवला. येणारे-जाणारे हसतात. हसू देत.

आता तुमचं चुंबक, न चिकटलं की स्टील चांगलं म्हणे. २०२ ग्रेडच्या स्टीललाही ते सहसा चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. गंज मात्र २०२ ला आधी चढतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या, चुंबक फ्रिजला लावा. आणि कडाप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की आंबट त्याला खातं. आमसुलाच्या सारावर वाढलेल्या घरात तो किती दिवस काळा राहणार?

वाशीकर जुने

काशी मी लिहिलंच नव्हतं, पंढरपूर लिहिलं होतं. टीका करायच्या आधी वाचत जा.

आमची बिल्डिंग सिडकोची, १९८४ सालची. तेव्हाचा कडाप्पा अजून जागचा हललेला नाही. डाग पडतात हो, माणसालाही पडतात. उलट मेव्हण्याने नेरुळला शोरूममधून मोड्युलर केलं. ४५ दिवस सांगून चार महिने लावले आणि पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट पावासारखं फुगलं. आत लाकडाचा भुसा दाबलेला बोर्ड. कागदावर लिहिलं होतं ‘इंजिनिअर्ड वुड’. मी सुताराकडून करतो तेव्हा सिंकखाली आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं मरीन प्लाय समोर उभा राहून कापून घेतो. ते ७२ तास उकळून तपासलेलं असतं. तुमच्या शोरूमवाल्याला आयएस ७१० म्हणजे काय विचारा, तो पिन कोड सांगेल.

उंचीचं म्हणाल तर आमच्या घरात आजवर कुणाची तक्रार आली नाही.

आणि कुणी काही करा, किचनमधली मोरी काढू नका. आमच्या सूनबाईंनी मोरी फोडून तिथे उंच कपाट केलं. आता मोठं पातेलं घासायचं तर बाथरूममध्ये नेतात. घाणेरडा प्रकार.

कोलशेतवासी

‘आजवर तक्रार आली नाही’ हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडूनही ऐकतो. तक्रारपेटीच नाही तिथे.

माझा साधा प्रश्न होता, चिमणीचा. ओट्यापासून डक्ट (धूर नेणारा पाइप) बाहेर काढायला तीन वळणं घ्यावी लागताहेत. विक्रेता म्हणतो चालेल. चालेल का?

घणसोली_गावठाण

मोरीबद्दल काकांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे मासे मागच्या पडवीत धुतात. फ्लॅटमध्ये गेलेल्या बहिणीला विचारा काय हाल आहेत. एवढासा सिंक, त्यात कोलंबी सोलायची, सालं थेट पाइपात. मग प्लंबर बोलवा. किचन डिझाइन करणाऱ्या पोरीने तिला चित्र दाखवलं, त्यात ओट्यावर तुळशीचं रोप आणि अवोकाडो. बोंबील कुठे दिसला नाही.

तिशीतला_ठाणेकर

अहो, आता कोण मोरी ठेवतं? ७ बाय ८ च्या किचनमध्ये तीन फूट जागा जमिनीवर बसून भांडी घासायला? आमच्या भांडेवाल्या मावशींचे गुडघे गेलेत, त्याच म्हणाल्या दादा खोल सिंक करा. नऊ-दहा इंच खोल केला, कढई आडवी मावते. मावशी खूश. मोरीची हौस बहुतेक अशांना असते ज्यांनी तिच्यात कधी भांडी घासली नाहीत.

वाशीकर जुने

मी घासली आहेत. हॉस्टेलमध्ये.

खालच्या_मजल्यावरून

मोरी काढा नाहीतर ठेवा, हलवू नका एवढीच विनंती. आमच्या वरच्यांनी मोरी उचलून ड्राय बाल्कनीत (किचनला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीत) नेली आणि जुन्या जागी कपाट केलं. बाल्कनीच्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग करायचं राहिलं. नव्या टाइल्स कशा चकचकीत, बघायला बोलावलं होतं, पेढेही दिले. चौथ्या महिन्यात माझ्या देवघरावर ओल. गणपतीवर थेंब थेंब अभिषेक. वर सांगायला गेलो तर म्हणतात, हे सोसायटीचं काम. अहो, गच्चीची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीची. तुमच्या घरातल्या मोरीची तुमचीच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नियमावलीत, लिहिलंय. कमिटी दोन वर्षं ‘बघतो’ म्हणतेय.

त्यामुळे इथे ३५ इंच, ३१ इंच वाचून मला काही वाटत नाही. ओटा कुणाच्या कोपराला लागतो यापेक्षा पाणी कुणाच्या डोक्यावर पडतं ते आधी बघा. पोळीवाली ताई, तुम्ही मोरीचं काय केलंत? ते सोयीस्कर गाळलंय.

पाचपाखाडीची_पोळीवाली

गाळलं नव्हतं, विषय ओट्याचा होता. मोरी हलवली. होय, ड्राय बाल्कनीत. वॉटरप्रूफिंग करून, उतार काढून, पाणी भरून ठेवून.

खालच्या_मजल्यावरून

पाणी किती तास?

पाचपाखाडीची_पोळीवाली

रात्रभर.

खालच्या_मजल्यावरून

रात्रभर म्हणजे दहा तास. निदान २४, खरं तर ४८ तास भरून ठेवायचं, आणि त्या वेळात खालच्या घरात जाऊन छत बघायचं. गेला होतात?

पाचपाखाडीची_पोळीवाली

तुमच्या वरच्यांचा राग माझ्यावर काढू नका. मी तुमच्या वर राहत नाही.

खालच्या_मजल्यावरून

कुणाच्या तरी वर राहताच ना.

तिशीतला_ठाणेकर

बाबौ.

घणसोली_गावठाण

दोघंही शांत व्हा. ताई, लादी बसलीय हे कळतंय, पण मोरीच्या जाळीला बोळा लावून पाणी आताही भरता येतं. टाइल्स असल्या म्हणून काय झालं. मुरत असेल तर खाली दिसेलच.

कोलशेतवासी

चिमणी?

वाशीकर जुने

चिमणीच्या पाइपाला वळण जितकं कमी तितकं बरं, तीन म्हणजे खेच मेली. जागा बदला किंवा साधा एक्झॉस्ट लावा. डक्ट नसलेली घेऊ नका. आपल्या फोडणीला तिच्या आतल्या गाळण्या पुरत नाहीत, वास घरातच फिरतो. आणि पाइपच्या गॅसचा मीटर कपाटामागे बुजवू नका. पाइप सरकवायचा तर गॅस कंपनीच्या माणसाकडून, सुताराकडून नव्हे. एवढं तरी सगळ्यांना मान्य असावं.

पाचपाखाडीची_पोळीवाली

मान्य. काकांशी सहमत व्हायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. ७१० प्लायचंही मान्य, सिंकखाली मीही तेच लावलंय. कडाप्पा अमान्य.

आणि ‘खालच्या मजल्यावरून’, काल बाल्कनीत पाणी भरलंय. आज सकाळी खालच्या काकूंकडे जाऊन आले. छत कोरडं आहे. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, दोन महिने ठोकाठोक चालली होती तेव्हा का नाही आलात? उत्तर नव्हतं माझ्याकडे. आज संध्याकाळी पुन्हा जाणार आहे.

वाशीकर जुने

काल रात्री टेप घेऊन ओटा मोजला. साडेतीस. सूनबाई पाच फूट चार. तिला कोपर वाकवून उभं केलं तर रेघ साडेतेहेतीसवर आली. म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणाली, लग्नाला अकरा वर्षं झाली बाबा, विचारलंत आज.

पोळपाटाखाली ठेवायला तीन इंची पाट करायला दिलाय. कडाप्पा हलणार नाही.

खालच्या_मजल्यावरून

आज नाही, उद्या. ४८ तास उद्या होतात.