मदत हवी आहे: सोलेनॉइड बदलला तरी पी-००११ परत येतोय

घोडबंदरी
व्हीव्हीटी सोलेनॉइड (व्हॉल्व्हची वेळ बदलण्यासाठी तेल सोडणारी विजेची झडप) नवा टाकला, तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला. कोड तोच, पी-००११. आयडलिंगला गाडी थरथरते, गायमुखच्या चढाला पिकअप नाही. गॅरेजवाला म्हणतो आता फेजर (कॅम पुढे-मागे फिरवणारा भाग) आणि टायमिंग चेन उघडू. शनिवारी गाडी हवीच आहे. फेजर बदलू की नको, एवढंच सांगा.

तेलकट
एवढंच नाही सांगता येणार. इंजिन कोणतं, किती किमी, ऑइल कोणत्या ग्रेडचं, कोड थंड गाडीत येतो की गरम? पी-००११ म्हणजे इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरने, सांगितलं त्यापेक्षा पुढेच राहतोय. हा वायरिंगचा कोड नाही. तार तुटली की पी-००१० येतो. म्हणजे सोलेनॉइड अंदाजाने बदलला गेला.

नेरूळ_नाना
बॅटरीची निगेटिव्ह तार अर्धा तास काढून ठेवा. दिवा जातो.

तेलकट
नाना, दिवा जातो, दोष तिथेच राहतो. वर फ्रीझ फ्रेम ही नोंदही पुसली जाते, आणि कोड पडला तेव्हाचं कूलंटचं तापमान नि आरपीएम त्यातच असतात.

घोडबंदरी
१.२ पेट्रोल, चार सिलिंडर, ९४ हजार. ब्रँड लिहीत नाही, लगेच दोन तट पडतात. कोड सकाळी थंड गाडीत येतो. ऑइल चांगलंच आहे, मागच्या महिन्यात बदललंय.

मीटरवाला
‘चांगलं’ ही ग्रेड नव्हे. तोवर हे करून बघा. कनेक्टर काढा, आत तेल झिरपलंय का पाहा. सोलेनॉइडच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा: बऱ्याच गाड्यांत थंड असताना ७ ओहमच्या आसपास येतात, पक्का आकडा मॅन्युअलमध्ये. मग गाडी आयडलला ठेवून, फ्यूज लावलेल्या तारेने सोलेनॉइडला थेट १२ व्होल्ट द्या, एक-दोन सेकंदच, नाहीतर कॉइल तापते. इंजिन डगमगलं किंवा बंद पडायला आलं, तर सोलेनॉइड, तेलाची वाट आणि फेजर तिन्ही हलतायत. तार काढल्यावर लगेच सावरायला हवं. नाही सावरलं तर सोलेनॉइडच्या आतली दांडी किंवा फेजर पुढेच अडकतोय.

घोडबंदरी
इग्निशन ऑन करून कनेक्टरवर मोजलं, १२ व्होल्ट येतच नाहीत! वायरिंगच असणार.

मीटरवाला
थांबा. काही गाड्यांत दोन्ही तारा ईसीएमकडे जातात आणि पुरवठा स्पंदनांत असतो. साध्या मीटरवर तो धड दिसत नाही. डायग्राम न बघता हार्नेस (तारांचा जुडगा) कापू नका. इंजिन चालू असताना थेट तारेची चाचणी केलीत का?

पांडवकडा
कशाला एवढा खटाटोप? ऑइल बदलायच्या आधी इंजिन फ्लशची एक बाटली ओता, दहा मिनिटं आयडल, सगळा गाळ बाहेर.

तेलकट
९४ हजारांच्या इंजिनात फ्लशने सुटलेला गाळ बाहेर पडतोच असं नाही. संपमधल्या (तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या) स्ट्रेनरच्या जाळीवर बसला तर तेलाचा दाबच पडेल. त्यापेक्षा योग्य ग्रेडचं तेल दोनदा लवकर बदला, फिल्टरसकट.

पांडवकडा
फ्लश बनवणाऱ्यांना अक्कल नाही म्हणायची?

ऐरोली_सीएनजी
गाडी सीएनजीवर असेल तर आधी स्पार्क प्लगचा गॅप बघा. सीएनजीला ठिणगी जास्त लागते, गॅप थोडा कमी ठेवतात.

घोडबंदरी
सीएनजी नाही. तारेची चाचणी केली: डगमगली, पण सावरायला चार-पाच सेकंद लागले. बिल शोधलं, ऑइल २०डब्ल्यू-५०. मॅन्युअल म्हणतं ५डब्ल्यू-३०. गॅरेजवाला म्हणाला होता, इंजिन जुनं झालं, जाड तेल बरं.

तेलकट
हे पहिल्या ओळीत हवं होतं. फेजर तेलाच्या दाबावरच फिरतो. सकाळी जाड तेल त्या बारीक वाटांतून वेळेत निघत नाही, कॅम उशिरा मागे येतो, ईसीएम कोड टाकतो. शिवाय थंड जाड तेलाने फिल्टरचा बायपास जास्त वेळ उघडा राहतो, म्हणजे न गाळलेलं तेल वर जातं. सोलेनॉइडच्या आधीची जाळी पाहिली का? काही इंजिनांत ती सोलेनॉइडवर नसते, हेडमध्ये वेगळ्या बोल्टखाली असते. सोलेनॉइड बदलला तरी ती जुनीच राहते.

घोडबंदरी
सापडली, हेडमध्येच. अर्धी बुजलेली, काळा गाळ आणि लाल रबरासारखे तुकडे.

मीटरवाला
लाल म्हणजे सिलिकॉन. टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) कधी उघडलं होतं?

घोडबंदरी
ऑइलसोबतच त्याचं गॅस्केट बदललं होतं. लिहायचं राहिलं.

मीटरवाला
गॅस्केटला सिलिकॉन फक्त जोडांच्या कोपऱ्यांवर, ठिपक्याएवढा. सगळीकडे थापला की आतल्या बाजूला दाबला जातो, तुटतो, तेलात जातो. सोलेनॉइड बसतो ते बोअर पुसून घ्या, जाळी नवी टाका, सोलेनॉइडची ओ-रिंग तेल लावून बसवा, तिला सिलिकॉन नको. ६ मिमीचा बोल्ट असेल तर साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, हेड ॲल्युमिनियमचं आहे. चेनला सध्या हात लावू नका: पी-००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) सोबत नाही. थंड स्टार्टला एक-दोन सेकंद खडखड येते का? येत असेल तर फेजरला जागेवर धरणारी लॉक पिन बघावी लागेल.

घोडबंदरी
खडखड नाही. ५डब्ल्यू-३०, नवा फिल्टर, नवी जाळी टाकली. स्कॅनरवर सकाळी आयडलला कॅमचं टार्गेट ० अंश, प्रत्यक्ष १. आधी प्रत्यक्ष १४ दाखवत होता. कासारवडवली ते वागळे इस्टेट चार दिवस झाले, दिवा नाही.

तेलकट
हे तेल १,००० किमीला पुन्हा काढा, फिल्टर कापून लाल तुकडे मोजा. आयडलला ऑइलचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी गाडी बंद करा आणि संप खाली घ्या, स्ट्रेनरवर उरलेलं सिलिकॉन असेल.

नेरूळ_नाना
म्हणजे बॅटरी काढायची नाही?