मदत हवी आहे: झेड्रूच्या डेकमध्ये 'ट्रान्सेन्डन्स' बसवायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं रविवारी धरमपेठेत मित्राच्या घरी मॅजिक : द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला कमांडर हा प्रकार खेळतो. माझा कमांडर, म्हणजे डेकचं मुख्य पात्र, झेड्रू; म्हणून डेक (कार्डांचा संच) निळा-लाल-पांढरा. तीन माना (कार्ड खेळायला मोजायची शक्ती) देऊन आपलं कार्ड दुसऱ्याला देऊन टाकायचं, हा तिचा गुण मला फार आवडतो.

ट्रान्सेन्डन्स हे सहा मानाचं कार्ड ज्याच्याकडे असेल, त्याचं लाइफ 20 किंवा जास्त झालं की तो हरतो. कमांडरमध्ये सुरुवातच 40 पासून! समोरच्याला दिलं की तो गेलाच. पण ते मला आधी माझ्यापुढे उतरवावं लागतं, तेव्हा माझं लाइफ 20 च्या खाली हवं. उतरवल्यावर लगेच देऊन टाकलं तरी सुटका नाही, कारण ट्रिगर, म्हणजे अट पुरी होताच आपोआप सुरू होणारा परिणाम, माझ्याच नावावर लागलेला असतो.

त्यात डेकमध्ये इल्युजन्स ऑफ ग्रँडरही आहे. ते येताना मला 20 लाइफ देतं, समोरच्याला दिल्यावर त्याच्याकडून सुटलं की त्याचे 20 जातात. झेड्रूशी मस्त जोडी, पण ट्रान्सेन्डन्सच्या नेमकी उलट. शिवाय झेड्रू स्वतःच माझ्या दर अपकीपला (पाळीच्या सुरुवातीला) दिलेल्या कार्डांइतकं माझं लाइफ वाढवते.

तर भाऊ, या तीन रंगांत स्वतःचं लाइफ भराभर कमी करायला काय वापरता? शॉकलँड आणि फेचलँड (वापरताना थोडं लाइफ मोजावं लागतं अशी जमिनीची कार्डं) आहेत, तेवढ्यानं भागत नाही. की इल्युजन्स काढूनच टाकू? इन्फिनिट कॉम्बो (अमर्याद वेळा फिरवता येणारी कार्डांची जुळणी) नको, आमच्या टेबलावर ते चालत नाहीत. देऊन टाकण्याजोगी अजून विचित्र कार्डं माहीत असतील तर जरूर सांगा, प्रॉक्सी (खऱ्या कार्डाऐवजी छापलेली नक्कल) चालतात.