केजीतल्या पोरांना पळू द्यायचं की लिहायला बसवायचं?

ओवीची_आई: मुलगी ज्युनियर केजीत आहे, शाळा साडेतीन तासांची आणि त्यात मैदान म्हणजे आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तेही ओळीत उभं राहून हात वर हात खाली. बाकी सगळा वेळ खुर्चीत बसून गिरवणं. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या शिफारशीत ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली किमान ६० मिनिटं तरी जरा दमवणारी. कुठे बसवायचं हे गणित?

साधा_बाप: घरी बसवा की. शाळेची फी काय पळापळीसाठी भरतो का आपण? उद्या पहिलीच्या अ‍ॅडमिशनला नाव लिहिता आलं नाही तर तोंड कोणाला दाखवायचं?

ओवीची_आई: पहिलीच्या प्रवेशाला मुलांची मुलाखत, चाचणी घ्यायला २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच बंदी आहे. आणि पेन्सिल नीट धरायला आधी खांद्यात, मनगटात जोर लागतो, तो लोंबकळून, चढून, माती मळूनच येतो ना.

मोठ्या_गटाच्या_बाई: बालवाडीत शिकवते म्हणून न राहवून लिहितेय. पस्तीस पोरं, मी एक आणि मावशी एक. परवा शिवाशिवीत एकाचा गुडघा खरचटला, धुतला, मलम लावलं, पोरगं दोन मिनिटांत परत पळायला गेलं पण संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर "टीचरचं लक्ष कुठे असतं" सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. आणि हीच मंडळी पालकसभेत विचारतात, अजून वही कोरी कशी? खेळ कमी झाला तो असा, एकट्या शाळेला कशाला धरता.

निवृत्त_मास्तर: ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत थेट मुलांच्या अंगणात शाळा नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात सुद्धा. तिथं डेस्क-बाकं कुठली आलीत.

साधा_बाप: मास्तर, तिकडे अंगण होतं हो. आमच्या सोसायटीत दोन गाड्यांमधली फट आहे, तिथेही वॉचमन ओरडतो. म्हणून तर स्केटिंगचा क्लास लावलाय.

ओवीची_आई: म्हणजे हालचाल हवी हे तुम्हालाही पटतंय, फक्त वेगळे पैसे भरून 😄 चार वर्षांच्या पोराला तिथे पण सर शिट्टी मारणार आणि हे रांगेत नंबर लावून उभं. तळ्यात-मळ्यातला खडूची एक रेघ पुरते, वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये सुद्धा होतं. बाई, रोज पंधरा मिनिटं जमेल?

मोठ्या_गटाच्या_बाई: रेघ सोमवारीच आखते. फक्त कोणाचा गुडघा फुटला की ग्रुपवर उत्तरं तुम्ही द्यायची, मी फोन बंद करून झोपणार.